कॅप्सूल, नळी, बाटली: फेनिटोइनच्या एका डोसचं प्रकरण

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना ते गृहस्थ तोल जाऊन पडले. वय ५८, वजन ६० किलो, पक्षाघातानंतर वॉर्डात दाखल. दोन दिवसांपासून ते फारच झोपाळू झाले होते. बोलताना जीभ जड पडत होती, पेला उचलला की हात हेलकावत होता. त्यांच्या पत्नी सिस्टरना म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात निदान माझ्याशी नीट दोन शब्द बोलत होते. आता दारू प्यायल्यासारखे दिसतात, आणि यांनी उभ्या आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही."

दुसरा पक्षाघात, ही पहिली शंका. मेंदूचा सीटी स्कॅन झाला. जुन्या जखमेखेरीज त्यात नवं काही नव्हतं. उत्तर डोळ्यांत सापडलं. नजर कडेला न्यायला सांगितलं की बुबुळं हळूच मध्याकडे घसरायची आणि झटक्याने पुन्हा कडेला जायची, डावीकडेही आणि उजवीकडेही. फिटसाठी फेनिटोइन घेणाऱ्या माणसात हे दिसलं, की पक्षाघाताचा विचार जरा बाजूला ठेवून औषधाच्या तक्त्याकडे वळावं. तक्त्यावर २१ व्या दिवसानंतर औषधात किंवा डोसात एकही बदल नव्हता. तेच औषध, तीच बाटली, तेवढेच मिलिलिटर.

हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचलं आहे. गृहस्थ काल्पनिक आहेत. पण औषधाचे गुणधर्म, त्याचा हिशेब आणि एकेका टप्प्यावर होणारी चूक यांत कल्पनेचं काही नाही. या गृहस्थांच्या बाबतीत कोणीही निष्काळजीपणा केला नाही. प्रत्येकाने समोरच्या आकड्याकडे बघून रास्त वाटेल ते केलं, आणि तरीही माणूस पडला. म्हणूनच हे प्रकरण मला सावकाश उलगडायचं आहे.

आधीची घडी

त्यांना १२ वर्षांपासून आकडीचा आजार. रोज रात्री फेनिटोइन सोडियमच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल, औषध हळूहळू सोडणाऱ्या. गेली कित्येक वर्षं एकही फिट नाही. आजारी पडण्याआधीच्या तपासणीत रक्तातली फेनिटोइनची पातळी दर लिटरला १३ मिलिग्रॅम होती आणि अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरला ४.५ ग्रॅम, म्हणजे उत्तम. फेनिटोइनची अपेक्षित पातळी १० ते २० मानली जाते. ते नेमके त्या पट्ट्यात होते.

फेनिटोइन जुनं औषध आहे. १९०८ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं, पण फिट रोखण्याचा त्याचा गुण मेरिट आणि पटनम या संशोधकांनी १९३८ मध्ये दाखवला. इतकी वर्षं वापरात असूनही ते आजही हाताळायला अवघड आहे, आणि त्याची कारणं औषधाच्या स्वभावातच आहेत. ते पाण्यात नीट विरघळत नाही. जठरातल्या आम्लात तर जवळजवळ नाहीच. ते लहान आतड्यात सावकाश शोषलं जातं. रक्तात पोचल्यावर त्याचा सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतो आणि उरलेला दहावा हिस्सा मोकळा फिरतो. मेंदूत जाऊन फिट रोखतो तो हा मोकळा हिस्सा. पुढे यकृतातली विकरं, मुख्यतः सीवायपी२सी९ आणि काही प्रमाणात सीवायपी२सी१९, त्याचं निष्क्रिय पदार्थात रूपांतर करतात आणि तो पदार्थ लघवीतून जातो. जसंच्या तसं फेनिटोइन लघवीत पाच टक्क्यांहूनही कमी उतरतं.

विरघळणं, शोषण, प्रथिनांशी चिकटणं आणि यकृतातलं विघटन, या चार ठिकाणी औषधाची मात्रा कमीजास्त होऊ शकते. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत चारही ठिकाणी काही ना काही हललं.

नळी आली

पक्षाघाताने गिळणं बिघडलं. पाण्याचा घोट श्वासनलिकेत जात होता, म्हणून दुसऱ्या दिवशी नाकातून जठरात नळी घातली आणि पंपावर चोवीस तास द्रव आहार सुरू झाला. कॅप्सूल नळीतून जाणार नाही. ती उघडून आतलं औषध पाण्यात कालवलं तर ते नळीला चिकटतं, आणि हळूहळू सुटण्याची तिची रचनाही बिघडते. म्हणून पातळ औषध, म्हणजे सस्पेन्शन, सुरू करण्याचा निर्णय झाला. निर्णय बरोबरच होता. तक्त्यावर लिहिलं गेलं: फेनिटोइन सस्पेन्शन ३०० मिलिग्रॅम रोज, दोन भागांत, नळीतून. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असं ते औषध, म्हणजे सकाळी ६ आणि रात्री ६ मिलिलिटर.

आधी ३००, नंतरही ३००. वाचणाऱ्याला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही.

पण कॅप्सूलमध्ये फेनिटोइन सोडियम हा क्षार असतो. त्या वजनात सोडियमचंही वजन आलं. क्षाराच्या १०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष फेनिटोइन ९२ मिलिग्रॅम. म्हणजे बारा वर्षं हे गृहस्थ रोज २७६ मिलिग्रॅम फेनिटोइन घेत होते. सस्पेन्शनमध्ये मात्र निव्वळ फेनिटोइन असतं, त्यामुळे त्यातले ३०० हे पूर्ण ३००. फरक २४ मिलिग्रॅमचा. दुसऱ्या एखाद्या औषधात मी या फरकाकडे लक्षही दिलं नसतं. फेनिटोइनमध्ये तो का मोठा ठरतो ते थोडं पुढे येईल.

तूर्त मात्र गाडी उलट्या दिशेला गेली. नळीतून सतत आहार चालू असला की फेनिटोइनचं शोषण घटतं, असं रुग्णांमध्ये वारंवार नोंदलं गेलं आहे. आहारातली प्रथिनं आणि कॅल्शियम यांच्याशी औषध जखडलं जातं, काही भाग नळीच्या भिंतीला चिकटून राहतो, आणि नळीचं टोक जठराच्या पलीकडे लहान आतड्यात खोलवर गेलं असेल तर शोषणाला मिळणारी जागाही कमी होते. निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत हा परिणाम ठामपणे दिसला नाही, आणि तो किती मोठा यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझं मत असं, की चोवीस तास पंपावर असलेल्या आजारी माणसात हे गृहीत धरूनच चालावं. निरोगी माणूस दोन दिवसांच्या प्रयोगात जे दाखवतो ते तीन आठवडे खाटेवर असलेल्या माणसाला लागू करू नये. या रुग्णासाठी मी ६० टक्के शोषण धरलं आहे. म्हणजे ३०० पैकी रोज १८० मिलिग्रॅम रक्तात.

बाटलीबद्दलही एक गोष्ट. सस्पेन्शनमध्ये औषधाचे कण द्रवात तरंगत असतात, विरघळलेले नसतात. बाटली तशीच ठेवली की कण तळाशी बसतात. न हलवता ओतलं तर पहिल्या काही दिवसांत पातळ पाणी मिळतं आणि शेवटच्या दिवसांत घट्ट गाळ. पहिले रुग्णाला फिट देतात, शेवटचे विषबाधा. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवायची, ही इतकी साधी सूचना आहे की ती सांगायचीच राहते.

त्याच तक्त्यावर आणखी दोन औषधं होती. पॅन्टोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणारी, गोळी कुटून नळीतून दिली जात होती. या गोळीवरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठीच असतं. आवरणाचा चुरा झाला की औषध आम्लात नासतं, आणि चुऱ्याने नळी बुजते ती वेगळीच. दुसरी होती नाडीचा वेग कमी करणाऱ्या मेटोप्रोलोल सक्सिनेटची, दिवसभर हळूहळू औषध सोडणारी. ती मधोमध तोडता येते, पण कुटता येत नाही, कारण कुटली की दिवसभराचं औषध एकदम मोकळं होतं. सुदैवाने तिसऱ्या दिवशी नाडी मंद झालेली एका सिस्टरच्या लक्षात आली आणि दोन्ही गोळ्या बदलल्या गेल्या. गोळी कुटण्याआधी ती कशी बनवली आहे हे बघायला हवं, हे त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना पटलं. सस्पेन्शन मात्र नळीसाठी सुरक्षित म्हणून कोणाच्या नजरेत आलं नाही.

नववा दिवस

नवव्या दिवशी पहाटे फिट आली. दोन मिनिटांत थांबली, पण आली. रक्ततपासणीत पातळी २.६.

तातडीने फेनिटोइन सोडियम ५०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं गेलं. हे काम नीट झालं. इंजेक्शनचं द्रावण तीव्र अल्कलीयुक्त असतं, कारण नाहीतर औषध विरघळतच नाही. ते डेक्स्ट्रोजच्या सलाइनमध्ये मिसळलं तर स्फटिक होऊन खाली बसतं, म्हणून साध्या मिठाच्या सलाइनमध्येच द्यायचं. वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. ईसीजी लावून, सावकाश, सगळं व्यवस्थित पार पडलं. सोबत रोजचा डोस ३०० वरून ४०० केला. सकाळी ८, रात्री ८ मिलिलिटर.

चौदाव्या दिवशी पातळी ६.५. अपेक्षित पट्टा १० पासून सुरू होतो, म्हणून डोस ५०० केला. एकविसाव्या दिवशी ९.२. "जवळ आलो," असं राऊंडवर म्हटलं गेलं आणि तोच डोस चालू ठेवला.

इथे आपण थांबू. कारण ६.५ आणि ९.२ हे आकडे जे दिसतात ते नव्हते.

मोकळा दहावा हिस्सा

प्रयोगशाळा रक्तातलं एकूण फेनिटोइन मोजते, चिकटलेलं आणि मोकळं मिळून. आजारपणात, भूक नसताना, शरीरात सूज आणि दाह असताना अल्ब्युमिन घसरतं. आपल्या गृहस्थांचं अल्ब्युमिन दुसऱ्या आठवड्यापर्यंत ४.५ वरून २.५ ग्रॅमवर आलं होतं. चिकटायला जागा कमी झाली की एकूण पातळी घटते, पण मोकळा हिस्सा त्या प्रमाणात घटत नाही. कागदावर औषध कमी दिसतं, मेंदूला मात्र ते पुरेसं मिळत असतं.

यासाठी शायनर आणि टोझर यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक सूत्र वापरतात. अल्ब्युमिनला ०.२ ने गुणा, त्यात ०.१ मिळवा, आणि मोजलेल्या पातळीला त्या संख्येने भागा. अल्ब्युमिन सामान्य असताना पातळी किती दिसली असती, ते उत्तरात मिळतं. अल्ब्युमिन २.५ असेल तर भाजक ०.६ येतो. हे सूत्र ढोबळ आहे. किडनी निकामी असताना ते जसंच्या तसं चालत नाही, आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत ते चुकू शकतं. मोकळं फेनिटोइन थेट मोजता आलं तर तेच उत्तम. पण ती सोय नसेल तेव्हा या एका भागाकाराने मोठा गोंधळ टळतो.

आता मागे जाऊन बघू. नवव्या दिवशीचे २.६ म्हणजे सुमारे ४.३, खरोखरच कमी. तेव्हा शिरेतून दिलेला डोस योग्यच होता. चौदाव्या दिवशीचे ६.५ म्हणजे जवळपास ११, पट्ट्यात. डोस वाढवायची गरज नव्हती. एकविसाव्या दिवशीचे ९.२ म्हणजे १५.३, पट्ट्याच्या अगदी मधोमध. त्या दिवशी या माणसाला फेनिटोइन अगदी बरोबर मिळत होतं, आणि अहवालावर त्या आकड्यापुढे "कमी" अशी खूण होती.

मला सगळ्यात जास्त हुरहूर लागते ती या खुणेची. अल्ब्युमिनचा अहवाल त्याच केसपेपरमध्ये होता, दोन पानं अलीकडे. पोषण बघणाऱ्यांनी तो मागवला होता आणि त्यावर आहारातली प्रथिनं वाढवली होती. फेनिटोइनशी त्याचा संबंध जोडला गेला नाही.

यकृताची मर्यादा

बहुतेक औषधांत डोस दुप्पट केला की पातळी साधारण दुप्पट होते. शरीर ठरावीक वेळात औषधाचा ठरावीक हिस्सा बाहेर टाकतं, म्हणून अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, ही संकल्पना कामाला येते. फेनिटोइनमध्ये नेहमीच्या उपचारांच्या पातळीलाच यकृतातली विकरं भरत येतात. ती संपृक्त झाली की दिवसाला ठरावीक मिलिग्रॅमच्या वर काही हलत नाही, मग रक्तात कितीही साठो.

आपल्या गृहस्थांच्या यकृताची कमाल क्षमता मी दिवसाला ३६० मिलिग्रॅम धरली आहे, आणि ज्या पातळीला ते निम्म्या वेगाने काम करतं ती ४ मिलिग्रॅम. दोन्ही आकडे प्रौढ माणसांत आढळणाऱ्या मर्यादेत बसतात. त्यावरून हिशेब केला तर रोज रक्तात पोचणाऱ्या औषधाप्रमाणे पातळी अखेर कुठे स्थिरावेल ते असं येतं: २४० मिलिग्रॅमला ८, २७६ ला १३, ३०० ला २०, ३३० ला ४४.

पुन्हा वाचा. २४० ते २७६, वाढ ३६ ची, पातळी पाचने वाढते. ३०० ते ३३०, वाढ ३० ची, पातळी २४ ने वाढते. आणि ३६० ला किंवा त्यापुढे ती स्थिरावतच नाही, रोज चढत राहते. मघाचे क्षाराचे २४ मिलिग्रॅम इथे आठवावेत. नळीने शोषण घटवलं नसतं, तर "३०० चे ३००" या निरुपद्रवी बदलानेच हे गृहस्थ १३ वरून हळूहळू २० च्या उंबरठ्यावर जाऊन पोचले असते.

हीच गोष्ट एका शहराने मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये, वर्षानुवर्षं त्याच डोसवर स्थिर असलेल्या आकडीच्या रुग्णांना अचानक फेनिटोइनची विषबाधा होऊ लागली. चालताना तोल जाणं, गुंगी, बुबुळांची थरथर. शोध घेतल्यावर दिसलं, की कॅप्सूलमधलं भरण बदललेलं होतं. औषधाबरोबर पूर्वी कॅल्शियम सल्फेट भरत, त्याजागी लॅक्टोज आलं होतं. कॅल्शियम सल्फेट औषधाचा काही भाग शोषलाच जाऊ देत नव्हतं. लॅक्टोजबरोबर तो भागही रक्तात गेला. कॅप्सूलमध्ये फेनिटोइन तेवढंच होतं. "निष्क्रिय" म्हणून ज्याकडे कोणी बघत नाही त्या भरणाने, विकरं आधीच भरत आलेल्या रुग्णांना मर्यादेपलीकडे ढकललं. गोळीच्या वेष्टनावर औषधाचं नाव आणि वजन ठळक छापलेलं असतं, पण शरीराला त्यातलं किती पोचेल हे ते बनवलं कसं आहे यावर ठरतं. ब्रिस्बेननंतर हे नाकारायला जागा उरली नाही.

बाविसावा दिवस

गिळण्याची चाचणी पार पडली. सगळ्यांना आनंद झाला, आणि तो खराच आनंदाचा क्षण होता. नळी निघाली, पंप बंद झाला, मऊ अन्न तोंडाने सुरू झालं. सस्पेन्शन तेच ठेवलं, आता चमच्याने: सकाळी १०, रात्री १० मिलिलिटर. तक्त्यावर "नळीतून" खोडून "तोंडाने" लिहिलं गेलं. बस, एवढाच बदल.

आदल्या दिवसापर्यंत ५०० मिलिग्रॅमपैकी ३०० रक्तात पोचत होते. नळी आणि चोवीस तासांचा आहार दूर झाल्यावर जवळपास सगळे ५०० पोचू लागले. यकृताची कमाल क्षमता ३६०. उरलेलं औषध जाणार कुठे? या गृहस्थांच्या शरीरात ते साधारण ३९ लिटरच्या आकारमानात पसरतं असं धरलं, तर अल्ब्युमिनचा हिशेब धरून येणारी पातळी रोज पाचेक मिलिग्रॅमने चढते. बाविसाव्या दिवशी १५, पुढे २१, २६, ३१, ३५, आणि सत्ताविसाव्या दिवशी ४०.

लक्षणंही ठरल्या क्रमाने आली. पातळी २० च्या वर गेली की बुबुळं थरथरू लागतात, ३० च्या पुढे तोल जातो, ४० ला माणूस गुंगीत जातो आणि असंबद्ध बोलतो. पत्नीने जे पाहिलं ते अगदी या क्रमाने होतं. तिच्या बोलण्यात दारूची उपमा आली, ती इतकी नेमकी आहे की मी विद्यार्थ्यांना तीच सांगतो, कारण फेनिटोइनचा आणि दारूचाही मार तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर बसतो.

त्या दिवशीचा अहवाल २४ आला. पट्ट्याची वरची हद्द २० आहे, म्हणून पहिली प्रतिक्रिया "थोडंसंच जास्त आहे, याने एवढं होणार नाही" अशी होती. अल्ब्युमिन २.५, भाजक ०.६, उत्तर ४०. क्लिनिकल फार्मासिस्टने हा भागाकार केसपेपरच्या समासात करून दाखवला आणि मोकळं फेनिटोइन मोजायला पाठवायला सांगितलं. ते ४.० आलं. मोकळ्या औषधाची अपेक्षित पातळी १ ते २ असते. शंकेला जागा राहिली नाही.

उतरण

फेनिटोइन थांबवलं. हा निर्णय हलका नव्हता. आकडीचं औषध एकाएकी बंद केलं तर लागोपाठ फिट येण्याचा धोका असतो, आणि घरच्या घरी असं कोणी कधीही करू नये. इथे पातळी इतकी वर होती, की पुढचे तीन दिवस औषध रक्तात पुरेसं राहणारच होतं. रुग्ण वॉर्डात होता, खाटेला कठडे लावले होते, रोज रक्त तपासलं जाणार होतं.

उतरण कशी झाली ते बघण्यासारखं आहे. आधी ४०, मग सुमारे ३२, मग २३, मग १५. रोज आठेक मिलिग्रॅम, जवळपास सरळ रेषेत. एखाद्याने अर्धायुष्य २२ तास असं पुस्तकात वाचून पहिल्या दिवसानंतर पातळी निम्म्यावर येईल अशी अपेक्षा धरली असती, तर तो दोन दिवस चिंतेत काढता. भरलेली विकरं दिवसाला जेवढं हलवू शकतात तेवढंच हलवतात. पातळी बरीच खाली आल्यावरच उतरण मंदावत वळते.

तिसऱ्या दिवसाच्या शेवटी ते गृहस्थ पत्नीशी स्पष्ट बोलले. डोळ्यांची थरथर नजर अगदी कडेला नेली तरच दिसत होती. पातळी १५ च्या आसपास आल्यावर औषध पुन्हा सुरू केलं, आणि आता गिळता येत असल्याने जुन्याच कॅप्सूलवर: फेनिटोइन सोडियम ३०० मिलिग्रॅम, रात्री.

कुठे अडवता आलं असतं

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी चौदाव्या दिवसाकडे बोट दाखवतात. अल्ब्युमिन बघायला हवं होतं, आणि ते बरोबरच आहे. तो भागाकार झाला असता तर डोस ४०० वरच राहिला असता आणि पुढचं संकट पुष्कळ हलकं झालं असतं. पूर्ण टळलं मात्र नसतं. नळी निघाल्यावर ४०० सुद्धा ३६० पेक्षा जास्तच.

मी स्वतः बाविसावा दिवस निवडेन. त्या दिवशी कागदावर औषध बदललं नाही, डोस बदलला नाही, बाटलीही बदलली नाही, म्हणून कोणी फेरविचार केला नाही. नळी घालताना सगळे सावध असतात, गोळी चालेल का, कुटता येईल का, पातळ मिळेल का, असं विचारतात. नळी काढताना कोणीच काही विचारत नाही, कारण ती सुटका वाटते. पण शरीराच्या बाजूने बघितलं तर आहाराचा पंप बंद होणं म्हणजे डोस ३०० वरून ५०० करणं होतं, आणि तेवढी वाढ लेखी आदेश म्हणून आली असती तर कोणत्याही डॉक्टरने त्यावर सही केली नसती.

सोप्या उपायांनी यातलं बरंच सावरता येतं. नळीत औषध द्यायच्या दोन तास आधी आहार थांबवावा आणि दोन तासांनी सुरू करावा, सस्पेन्शन पाण्याने पातळ करावं, नंतर नळी भरपूर पाण्याने धुवावी. चोवीस तासांत दोन डोस, म्हणजे आठ तास आहार बंद. पोषण बघणाऱ्यांना हे परवडत नाही, उरलेल्या तासांत पंपाचा वेग वाढवावा लागतो, आणि अशक्त रुग्णाला तो सोसेलच असं नाही. त्यामुळे काही ठिकाणी आहार चालूच ठेवून पातळीवर नजर ठेवतात. मला तोही मार्ग मान्य आहे, पण मग तक्त्यावर फेनिटोइनच्या ओळीत "आहार चालू असताना दिलेला डोस" असं स्पष्ट लिहिलेलं असावं. त्या पाच शब्दांमुळे बाविसाव्या दिवशी खोडाखोड करणाऱ्याचा हात थांबला असता. आणि कॅप्सूलवरून सस्पेन्शनवर येताना ३०० ऐवजी २७५, म्हणजे १२ ऐवजी ११ मिलिलिटर.

घरी जाताना कार्डावर पत्नीसाठी लिहिलं गेलं, की कॅप्सूलची कंपनी किंवा प्रकार बदलून मिळाला तर आधी कळवायचं, आणि बोलणं जड झालं किंवा चाल डगमगली तर पुढच्या डोसआधी फोन करायचा. डॉक्टरांसाठी एक वेगळी ओळ होती: पातळी अल्ब्युमिनसह वाचावी.

तीन आठवड्यांनी ते तपासणीला चालत आले. अल्ब्युमिन ३.२ पर्यंत सुधारलं होतं. फेनिटोइन ९.९ आलं, आणि अहवालावर त्यापुढे पुन्हा "कमी" अशी खूण होती. डॉक्टरांनी कार्डावरची ओळ वाचली, ३.२ ला ०.२ ने गुणून ०.१ मिळवले, ९.९ ला ०.७४ ने भागलं. उत्तर १३.४ आलं, आजारपणाआधी होती जवळपास तेवढीच पातळी. डोस होता तसाच ठेवला.